दर्याला टॉवेल-टोपी

समुद्रावर नेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी काय खाऊ घालावं, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे : पिठलं-भाकरी. ऐकणारा हसतो. एवढे जिल्हे ओलांडून, घाट उतरून माणूस जातं ते काय पिठलं खायला? पण माझी निम्मी हयात या धंद्यात गेली आहे, आणि आपल्या बीड जिल्ह्यातलं माणूस समुद्रापाशी पोचलं की सगळ्यात आधी त्याचं पोट बुजतं, हे मी छातीठोकपणे सांगते. डोळ्यांना एवढं पाणी सोसतं, पण जिभेला नारळाचं वाटण सोसत नाही. म्हणून पहिल्या दिवशी पिठलं, ठेचा, ज्वारीची भाकरी. पोटाला एकदा ओळखीचं कुणी भेटलं की दुसऱ्या दिवसापासून ते कुठंही यायला तयार होतं.

आता सहलींचं सगळं सून बघते. मी मागं बसून सूचना करते आणि त्या तिला नको असतात. या अंकासाठी लिहाल का, असा निरोप आला तेव्हा तीच म्हणाली, "लिहा आत्याबाई, तेवढीच मला बी शांतता." तिला शांतता मिळावी म्हणून हा खटाटोप.

मांजरसुंब्याला हमरस्त्यावर आमचं जेवणाचं हॉटेल. मालक गल्ल्यावर आणि मी चुलीवर. मालक म्हणजे आमचे यजमान. आमच्याकडे नवऱ्याला तसंच म्हणतात. सुट्ट्यांच्या दिवसांत कोकणातून, गोव्यातून परतणाऱ्या गाड्या आमच्यापाशी थांबायच्या. त्यातून उतरणारी माणसं मौजमजा करून आल्यासारखी दिसायचीच नाहीत. उन्हानं करपलेली, पोटं आत गेलेली. गेवराईकडचा एक जण तर ताट पुढं यायच्या आत म्हणाला, "मावशी, चार दिस नुसता पांढरा रस्सा खाल्ला हाय. आता काळं कायतरी वाढा." काळं म्हणजे येसराची आमटी. भाजलेल्या डाळी-धान्याचा आणि मसाल्याचा येसर आमच्याकडे घरोघरी असतो, त्याची आमटी काळसर आणि झणझणीत होते. त्या माणसानं ती इतकी ओरपली की त्याची बायको लाजली. जाताना तीच मला म्हणाली, "पुढच्या खेपंला तुमीच चला की आमच्यासंगं."

ती गमतीनं बोलली, मी मनावर घेतलं. पुढच्या सुट्टीत आमच्या गाडीच्या टपावर पिठाचे डबे, येसर, शेंगदाण्याची चटणी आणि मी आत. लोक 'मावशीची सहल' म्हणायला लागले. पाटीवर दुसरंच नाव आहे, ते कुणी वाचत नाही.

हा धंदा म्हणजे बस ठरवायची आणि खोल्या ठरवायच्या, असं बाहेरच्याला वाटतं. ते सगळ्यात सोपं. अवघड आहे ते दिवस काढणं. आमच्याकडे माणसाला रजा साहेब देत नाही, पीक देतं. पावसाळ्यात शेतात मान वर करायला सवड नसते आणि तेव्हा समुद्रही बंद असतो, होड्या वाळूत वर ओढून ठेवलेल्या असतात. दसऱ्याच्या सुमाराला समुद्र उघडतो, तर इकडं सोयाबीन काढणीला येतं आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या दारात मुकादमाचा ट्रक लागतो. ती माणसं गेली की गावं निम्मी ओस पडतात. ती परततात तोवर लग्नसराई. या सगळ्याच्या फटीतून सहल काढायची असते.

दिवस निघाला की वार. माझा पहिला प्रश्न 'काय खाणार' असा कधीच नसतो, 'कोणत्या वारी काय खात नाही' असा असतो. एकाचा सोमवार, दुसरीचा गुरुवार, तिसऱ्याचा शनिवार, चौथी माळकरी, तिला मासळीचा वाससुद्धा चालत नाही. समुद्रकाठी राहून मासळीचा वास नको म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहायचं म्हणण्यासारखं आहे, पण तेही जमवते मी. माळकऱ्यांची खोली वाऱ्याच्या वरच्या अंगाला, त्यांची भांडी वेगळी, त्यांची चूल आधी पेटणार. दुसऱ्या दिवशी सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ; ही उसळ काळी असते म्हणून आमच्या माणसांना लगेच आपली वाटते. सोलकढी मी तिसऱ्या दिवसाआधी पुढ्यात आणत नाही. तिचा गुलाबी रंग बघून पहिल्या सहलीतल्या एका आजोबांनी औषध म्हणून नाक धरून घेतली होती.

राहता राहिले खेळ. आमची माणसं अंधार असतानाच उठतात आणि तिथल्या हॉटेलांना उन्हं वर आल्याशिवाय जाग येत नाही. एवढा वेळ त्यांचं करायचं काय? पहिल्याच सहलीत याचं उत्तर आपोआप सापडलं. सकाळी किनाऱ्यावर कोळी लोक रापण ओढत होते. रापण म्हणजे लांबच लांब जाळं, दोन्ही टोकांना माणसं लागतात. आमच्या माणसाला नुसतं बघत उभं राहता येत नाही. एकानं दोरीला हात लावला, मग दुसऱ्यानं. पाठीमागून "बे, मोट वढल्यासारखा वढ की!" असं सुरू झालं, आणि जाळं वर आलं तेव्हा आमचे लोक कोळ्यांपेक्षा जास्त खूश होते. तेव्हापासून माझ्या सहलीतला पहिला खेळ रापण ओढणे. तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. होडीत बसायच्या आधी बायकांना साडीवर लाइफ जॅकेट कसं चढवायचं आणि पदर कुठं खोचायचा, तेही मी अंगणात उभी राहून दाखवते. ते एकदा जमलं की साठीची बाईसुद्धा डॉल्फिन बघायला सगळ्यांत पुढं.

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकंही खूप भेटली. उमापूरच्या बाजूचे एक पुढारी कार्यकर्त्यांना घेऊन आले होते. कडक इस्त्री, पांढरे कपडे. त्यांना पंगत अगदी पाण्याच्या काठाला हवी होती, कारण फोटोत मागं समुद्र आला पाहिजे. मी म्हटलं, "आण्णा, भरती लागायची वेळ झाली आहे. पंगत वर घेऊ." त्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, "भरती थोडी मागं घ्यायला सांगा. आपले लोक आत्ताच बसलेत." बिचाऱ्याची सवय! गावाकडं प्रत्येक कार्यक्रम त्यांच्यासाठी थांबायचा. समुद्र थांबला नाही. पहिल्या लाटेला पत्रावळ्या हलल्या, दुसरीला निघाल्या, आणि कार्यकर्ते एका हातानं धोतर, पायजमे आणि दुसऱ्या हातानं पुऱ्या सावरत पळाले. आण्णा मात्र बसून राहिले. मागं हटणं त्यांना माहीतच नव्हतं. शेवटी दोघांनी त्यांना काखेत धरून उचललं. फोटो उत्तम आला.

पण मला सांगायची आहे ती गयाबाईची गोष्ट.

सिरसाळ्याजवळच्या एका गावातल्या बचत गटाच्या बायकांनी मालवणजवळच्या किनाऱ्याची सहल ठरवली. ठरवायला आल्या त्या वत्सलाबाई. घर मोठ्या शेतीवाडीचं, गावात त्यांना पाटलीणबाई म्हणत. ठसठशीत कुंकू, आवाज असा की माईक लागू नये. त्यांच्यामागं दाराला टेकून एक किडमिडीत बाई उभी होती, कपाळ मोकळं, हातांवर उसाच्या पानांनी कापल्याच्या जुन्या रेघा. ती गयाबाई. नवरा तरणाताठा गेला. ऊसतोडीला जोडप्यानं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा गेल्यावर गयाबाईनं भावासोबत कोयता धरला आणि एकुलती लेक वाढवून तिचं लग्न केलं.

सहल दिसायला सगळ्यांची होती, पण निघाली होती गयाबाईच्या नवसापायी. लेकीचं पहिलं बाळंतपण अडलं होतं. आत डॉक्टरांची धावपळ आणि बाहेर बाकावर गयाबाई एकटी. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर समुद्राचं चित्र, कडेला माड. तिनं आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. पण त्या घटकेला तिच्यासमोर दुसरं कुणीच नव्हतं, देवाची तसबीरही नव्हती. तिनं त्यालाच हात जोडले : माझी लेक सुटू दे, मी येऊन तुझी ओटी भरीन. लेक सुटली, नात झाली. आता लेकीला पुन्हा दिवस गेले होते, महिने भरत आले होते, आणि पहिला नवस फेडलेला नव्हता. दसरा झाला की गयाबाईला ट्रक चढायचा होता. "आत्ताच गेलं पायजे, मावशी," ती मला म्हणाली, "लेकीच्या खाटंपाशी बसायच्या आधी मला त्याचं देणं चुकवायचं हाय. न्हाईतर मी तिच्या तोंडाकडं बघू कशी?"

मी नवसावर फार विश्वास ठेवणारी बाई नाही. पण त्या बाईच्या जिवाला लागलेला घोर खरा होता, आणि मला तेवढं पुरे होतं.

यात एक मेख होती. आमच्याकडं ओटी भरायची ती सवाशिणीनं. विधवेनं भरायची नाही, जवळही यायचं नाही. म्हणून वत्सलाबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं : गयाच्या वतीनं ओटी मी भरीन, गया मागं उभी राहील. गयाबाईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ती आयुष्यभर अशीच मागं उभी राहत आली होती. मला मात्र ते ऐकल्यापासून खटकत होतं. आमच्या हॉटेलात मी एकच कायदा चालवला : ताटावर बसला तो पाहुणा, मग तो ट्रकचा क्लीनर असो की आमदार. माझ्या सहलीत बायकांची पंगत आधी बसते आणि स्वयंपाकघरात पाहुण्यानं पाय ठेवायचा नाही. कुणी मागं उभं राहायचं, हे माझ्या सहलीत बसत नव्हतं. पण हा धर्माचा मामला, मी कोण सांगणार?

आम्ही पोचलो त्या दुपारीच गयाबाईनं माझा कायदा मोडला. बघते तर चुलीपुढं बसून भाकरी थापतेय. मी म्हटलं, "उठा, तुमी पाव्हण्या हाय." ती म्हणाली, "मावशी, बसून खाल्लेलं मला पचत न्हाई. थापू द्या." उठवता उठवता मी दमले, आणि पंगतीला ती सगळ्यांच्या शेवटीच बसली. पिठल्याच्या दोन घासांवर उठली. तोवर तिनं समुद्राकडं नीट पाहिलंही नव्हतं. नवस फेडल्याशिवाय त्याला तोंड कसं दाखवू, असं तिचं चाललं होतं.

दिवस मावळायच्या आधी वत्सलाबाईंनी पडवीत ओटीचं सामान मांडलं. हिरवं लुगडं, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या. बायका भोवती गोळा झाल्या. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीण रेखावहिनी समई लावायला आल्या आणि थबकल्या. "ह्या कोणासाठी?" त्यांनी विचारलं. कुणीतरी सांगितलं, दर्याची ओटी भरायची आहे. रेखावहिनींनी तोंडाला पदर लावला, पण हसू बाहेर पडलंच. "अगो बाय, दर्याची ओटी खंय भरतत? तो बापयो मा!"

बापयो म्हणजे पुरुष. तिकडं समुद्राला नारळ देतात. साऱ्या नद्या त्याच्या बायका आणि हा त्यांचा धनी. पुरुषाला लुगडं-बांगड्या देऊन त्याची ओटी भरायची म्हणजे काय? ही चूक आमच्याचकडून व्हायची. आम्हाला ठाऊक नद्या. गोदावरीची ओटी भरतो, मांजरेची भरतो. पाणी म्हटलं की ती आईच, असं आम्ही धरून चालतो. पाण्यात कुणी पुरुष असेल हे आमच्या गावीही नव्हतं.

पडवीत एकदम कालवा झाला. कुणी हसायला लागली, कुणी देवाला हात जोडायला. गयाबाईचा चेहरा मात्र उतरला. ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "मंग माझा नवस त्याला पोचलाच न्हाई का? कावून माझी लेक सुटली मंग?"

वत्सलाबाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. "पलीकडं खाडी हाय न्हवं? तिथं नदी येऊन मिळती. तिथं जाऊ, नदीची ओटी भरू. पाणी तेच."

"न्हाई बाई," गयाबाई म्हणाली. पाटलीणबाईंना तिनं नाही म्हणायची ही पहिलीच वेळ असावी, कारण सगळ्याच तिच्याकडं वळून बघायला लागल्या. "मी नदीला न्हाई बोललते. भिंतीवरच्याला बोललते. देणं एकाचं आन द्यायचं दुसऱ्याला, असं कसं चालंल?"

त्या रात्री कुणी धड जेवलं नाही. स्वयंपाक चांगला होऊन ताटं परत आली की माझं डोकं फिरतं. अंथरुणावर पडून मी नवसाचा विचार करत नव्हते, खरं सांगते, उद्याच्या पुरणाचा करत होते. नैवेद्याचं पुरण मी गावाकडच्या डाळीचं घालणार होते. देव पुरुष आहे, तर निदान जेवायला तरी घालता येईल. घरी पुरुष पाहुणा आला तर आपण काय करतो? जेवू घालतो आणि... आणि मी उठूनच बसले. आहेर करतो! आमच्याकडं कुणाचंही काही करायचं म्हणजे टॉवेल-टोपी. व्याही आला, टॉवेल-टोपी. मास्तर निवृत्त झाला, टॉवेल-टोपी. सहल संपली की मी स्वतः ड्रायव्हरला नारळ, टॉवेल आणि टोपी देते. तो आहेर माझ्या पेटीत आत्ताही होता.

सकाळी चहाच्या वेळी मी पेटी उघडली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "दर्या पुरुष आहे ना? मग त्याला पुरुषाचा आहेर करू. टॉवेल, टोपी आणि नारळ. नैवेद्याला पुरणपोळी."

आमचा ड्रायव्हर नामदेव चहा पिता पिता म्हणाला, "मावशी, ती तर माझी टोपी हाय! माझा सत्कार दर्याला व्हय?"

बायका खदखदून हसल्या. वत्सलाबाईंनाही पटलं. त्यांनी लगेच हात पुढं केला, "ब्येस झालं. आणा इकडं, मी देते गयाच्या वतीनं."

मी टॉवेल-टोपी सोडली नाही. आयुष्यात मी पाटलांच्या घरच्या कुणाला उलटून बोलले नव्हते, आमच्या हॉटेलातलं दाणागोट्याचं सगळं अशाच घरांकडून येतं. पण म्हटलं, "पाटलीणबाई, ओटीचं मला सांगू नका, तिथं तुमचा मान. आहेर मात्र ज्याचा त्यानं करायचा असतो. गयाबाईंनी लेकीच्या लग्नात व्याह्याला टोपी घातली का नाही?"

"घातली की," कुणीतरी मागून म्हणालं. "मी व्हते तवा."

"मग झालं तर. आहेराला कुंकू लागत नाही."

मला वाटलं, आता सहल मोडतेय. पण वत्सलाबाई गयाबाईकडं वळल्या आणि म्हणाल्या, "उठ गं. डोक्यावर पदर घे नीट. आन टोपी आधी द्यायची नसती, आधी टावेल, त्यावर नारळ, वर टोपी. तुला काय ठावं हाय का न्हाई?"

पुरणपोळ्या झाल्या तसे समुद्राकडं निघालो. ओहोटी सरून भरती लागायची वेळ मी काढलेली होती. लाटा लहान आणि वाळू घट्ट. वत्सलाबाईंनी नैवेद्याचं ताट धरलं होतं, रेखावहिनीही सोबत होत्या. पुढं गयाबाई. सगळ्या सहलीत तिला पुढं चालताना मी पहिल्यांदा पाहिलं. पाण्यापाशी ती थांबली आणि तिनं मान वर केली. किती वेळ बघत होती कोण जाणे. मग एवढंच म्हणाली, "चितरातला लई लहान व्हता."

तिनं वाकून टॉवेल, नारळ, टोपी लाटेवर ठेवली. लाट मागं गेली, वस्तू घेऊन गेली. आम्ही हात जोडले. आणि पुढच्या लाटेनं सगळं जसंच्या तसं आणून गयाबाईच्या पायांपाशी टाकलं.

"घेतला न्हाई," एक म्हातारी पुटपुटली. गयाबाईचे हात जोडलेले तसेच राहिले. भरतीला लाट परत आणतेच, हे मला आधीच सुचायला हवं होतं. पण ते तेव्हा सांगून काय उपयोग होता? ही युक्ती माझी होती, आणि ही बाई आता उपाशी मन घेऊन लेकीच्या खाटेपाशी बसणार होती.

तेवढ्यात मागून माईक न लागणारा तो आवाज आला. "आगं येडे, पाव्हणा पहिल्या खेपंला कधी घेतो व्हय? कशाला कशाला म्हणतोच त्यो! आग्रह कर की!"

वत्सलाबाई. मी त्या बाईच्या पायावर डोकं ठेवायला तयार होते.

गयाबाईनं डोळे पुसले. ओला टॉवेल उचलला, पिळला, घडी घातली. त्यावर नारळ, नारळावर टोपी. आणि जी बाई चुलीपासून हलत नव्हती ती सरळ पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. लाट आली की डगमगायची, परत पाय रोवायची. हात उंच धरून ती आहेर करताना म्हणतात तसं मोठ्यानं म्हणत होती, "घ्या! न्हाई म्हनू नगा! गरिबाघरचं हाय, गोड मानून घ्या! लेकीचा आहेर हाय, घ्या!" काठावरून बायकाही ओरडायला लागल्या, "घ्या हो, घ्या!" तिथले कोळी काम सोडून बघत उभे राहिले. गयाबाईनं पाण्यावर आहेर ठेवला, दोन्ही हातांनी पुढं लोटला आणि तिथंच उभी राहिली. या वेळी तो परत आला नाही. निदान आम्ही काठावर होतो तोवर तरी नाही.

"घेतला गं बाई, घेतला!" वत्सलाबाई ओरडल्या आणि ताट रेखावहिनींच्या हातात देऊन, अंगावरच्या नव्या लुगड्यासकट पाण्यात गेल्या. त्यांच्यामागं सगळ्या. कोण कुणाच्या अंगावर पाणी उडवतंय, कोण कुणाला धरतंय. सुवासिनी कोण आणि विधवा कोण, ते ओल्या कपाळांवरून काही ओळखू येत नव्हतं. मी काठावर सगळ्यांच्या चपला आणि चष्मे सांभाळत उभी होते. इतक्या सहली काढल्या, पण घोट्याच्या वर मी कधी भिजले नाही. कुणीतरी चपला धरायच्याच असतात. पण त्या दिवशी जावंसं फार वाटलं, आणि गेले नाही याची रुखरुख अजून आहे.

दुपारी पुरणपोळीची पंगत मी अंगणात माडाखाली मांडली. पुरण, तूप, येसराची आमटी आणि रेखावहिनींच्या हट्टाखातर सोलकढी. गयाबाई सवयीनं वाढायला उठली. वत्सलाबाईंनी तिचा हात धरून तिला पहिल्या पाटावर बसवलं आणि तिच्या पानात पोळी स्वतः वाढली. गयाबाईनं तूप सांडेस्तोवर पोळी खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठी पावती मला माहीत नाही. लेक पुढं सुखरूप सुटली. त्याचं श्रेय डॉक्टरांना द्यायचं की टोपीला, हे मी आजवर कुणाला सांगायला गेले नाही.

शेवटच्या सकाळी डॉल्फिन दाखवायला होडी ठरवलेली होती. बायका साडीवर जॅकेटं चढवून, पदर खोचून तयार. होडीवाला आला, आणि त्याच्या डोक्यावर बघून आम्ही सगळ्या जागच्या जागी थिजलो. पांढरी टोपी. खाऱ्या पाण्यानं जरा आटलेली, पण आमचीच. आमच्याकडच्या कडक इस्त्रीची घडी अजून तिच्यावर दिसत होती.

नामदेव पुढं सरसावला. "दादा, ही टोपी कुठली?"

"दर्यान दिल्यान," होडीवाला सहज म्हणाला. काल जाळ्यात आली होती म्हणे.

सगळ्यांनी गयाबाईकडं बघितलं. मीही बघितलं. आता हिला काय सांगायचं? गयाबाई होडीवाल्याच्या डोक्यावरची टोपी नीट न्याहाळत होती. मग तिनं जॅकेटचा पट्टा आवळला, लुगडं वर खोचलं आणि सगळ्यांच्या आधी होडीत पाय टाकला.

"त्यात काय बघायचं?" ती म्हणाली. "आहेराची टोपी कुणी घरात ठिवतं व्हय? ती पुढं जातीच."